कॅप्सूल आणि माळ

शाळा सातवीत सुटली आणि मी भिवंडीत मागावर कामाला लागलो. बाला क्षय झाल्याचा निरोप आला तसा गावी, धावड्याला आलो. त्याच्या खाटेखाली कॅप्सूलची रिकामी टोपणं पडली होती. ती जनावराच्या हाडा-चामड्याची असतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. बा माळकरी. तो आतली पूड तेवढी पाण्यात कालवून घ्यायचा आणि कडू लागली की ओकून टाकायचा.

धास्तावून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

"बाई, बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका राह्यतो. मंग औषधावर काहून न्हाई?" बानं विचारलं.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. "टोपण जनावराचं असेल, बाबा. वर लिहीत नाहीत, म्हणून नक्की सांगता येत नाही. पण औषध नीट घेतलं नाही तर तुम्ही वाचणार नाही."

त्या खोटं बोलल्या नाहीत, याचे उपकार मी अजून मानतो.

 बानं गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली आणि अख्खी कॅप्सूल गिळली.

तो बरा झाला. मी माळ पुढे केली, तर म्हणाला, "राहू दे तुझ्यापाशी. आता कोन्या तोंडानं घालू?"

पुढं बा गेला, तेव्हाही त्याचा गळा मोकळाच होता.