खोलीचं माप

गाव सोडणाऱ्या मुलाला निरोप देताना वडील काय सांगतात? पोचल्यावर कळव. वेळेवर जेव. माझे वडील, म्हणजे दादा, खानापूरच्या स्टँडवर गाडीच्या खिडकीशी उभे होते. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तशी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, खिडकीच्या गजातून माझ्यावर रोखली आणि म्हणाले, "पोचल्यावर खोलीचं माप कळीव."

बस्स, एवढंच. शेजारचा प्रवासी माझ्याकडे बघायला लागला. मी ओशाळून म्हटलं, "सुतार आहेत."

हा प्रसंग मी बंगळूरात तीस वर्षं विकून खाल्ला. व्हाइटफील्डच्या रस्त्यावर ऑफिसची कॅब अडकली की मागच्या सीटवरून फर्माईश यायची, "सर, वो पेन्सिलवाला सुनाओ ना." मी कानावर बॉलपेन खोचायचो, आवाज खर्जात न्यायचो आणि दादा उभे करायचो. त्याला दुसरा अंकही होता. हेब्बाळजवळच्या टेलिफोन बूथमधून मी केलेला पहिला फोन. "नऊ बाय दहा!" मी ओरडतोय, मागे रांगेतली माणसं हसतायत, आणि पलीकडून दादा शांतपणे विचारतायत, "खिडकी कुठल्या अंगाला?" मी म्हणतो, "दादा, मागं रांग आहे, ठेवतो." इथे मी काल्पनिक रिसीव्हर आपटायचो. टाळ्या हमखास.

खिडकी कुठल्या अंगाला होती ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

दादा बंगळूरला कधी आले नाहीत. मी बोलावलं नाही असं नाही. दर फोनला म्हणायचो, "या की एकदा, कधीतरी." ते म्हणायचे, "बघू." मग मी लोकांना सांगायला लागलो की आमच्या दादांना शहर मानवत नाही. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते पटलं. एका पावसाळ्यात ते गेले, तेव्हाही मी गावाकडच्या गाडीतच होतो, तुमकूरच्या थोडा पुढे.

आता गंमत बघा. ज्या रंध्याला भिऊन मी गाव सोडून पळालो, तोच पन्नाशीत माझा शौक झाला. अपार्टमेंटच्या पार्किंगमधला एक कोपरा सेक्रेटरीला पटवून मिळवला. शनिवार-रविवार होसकोट्याला जायचं, पाडलेल्या घरांचं लाकूड जिथं विकतात त्या वखारीत हुंगत फिरायचं. नवीन लाकूड म्हणजे नुसतं लाकूड. जुन्या लाकडात कोण काय ठेवून गेलंय सांगता येत नाही. चौकटीच्या मागे एकदा हळकुंड निघालं, दोऱ्यासकट. एका तुळईच्या भोकात किल्ली होती. कुंभारमाशीची मातीची घरं तर किती! शेजारी बघायला जमायचे आणि मी जादूगारासारखा एकेक वस्तू काढून दाखवायचो.

त्यांना मी दादांचा नियमही शिकवायचो. जुन्या लाकडाला आधी ओलं फडकं, मग हत्यार. दोन्ही अंगं पुसायची, बघायची, हात फिरवायचा. त्याशिवाय रंधा लावायचा नाही. "गडबड करशील तर लाकूड गप्प बसतंय," असं ते म्हणायचे. हे वाक्य मी अगदी त्यांच्या खर्जात म्हणून दाखवायचो.

मागच्या वर्षी गावाहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. "दादांची शेड पाडतोय रे. मधली फळ्यांची भिंत हाय, फणसाची. पाठवू का, का चुलीत घालू?"

"पाठव!" मी किंचाळलोच.

अकरा फळ्या टेम्पोतून आल्या. चुन्यानं पांढऱ्याफटक, वर धुळीचा थर. दिवाळीच्या मेळाव्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये रहिवाशांच्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन असतं. मला तिथं दादांच्या लाकडाचं मोठं टेबल मांडायचं होतं, शेजारी उभं राहून तो पेन्सिलवाला किस्सा सांगायचा होता. दिवस थोडे होते. फडकं राहिलं. फळ्या सरळ होसकोट्याच्या मशीनवर नेल्या.

रंधा मशीनमधून पहिली फळी बाहेर आली आणि मी नाचलो. पांढरं, मळकट फळकूट आत गेलं होतं, बाहेर आलं ते ताज्या हळदीसारखं पिवळं. दहा फळ्या अशाच झाल्या. अकरावीला मशीनवाल्या रंगप्पानं हात वर केला. "सार, मोळे इदे. ब्लेड होगत्ते." म्हणजे पातं जाणार.

खिळा! दादांच्या कामात खिळा? खिळ्याला ते शिवी देत. आणि मग आठवलं. मी सात वर्षांचा असताना त्यांची हातोडी चोरून तो मीच ठोकला होता. दादांनी मला बदडलं, पण खिळा काही उपटला नाही.

"बरं, राहू दे," म्हणून ती फळी घरी आणली. खिळा काढायचा म्हणून डोकं कुठं दिसतंय का ते बघायला शेवटी ओलं फडकं घेतलं. चुना सुटला. खाली पेन्सिल होती.

दादा कागदाला कधी शिवले नाहीत. मापं, गिऱ्हाइकांचे निरोप, अक्काच्या लग्नातल्या पाटांची संख्या, सगळं त्या भिंतीवर. ती भिंतच त्यांची वही होती, आणि मला हे माहीत होतं. लहानपणी मी त्याच भिंतीवर अक्षरं ओळखायला शिकलो होतो. तीस वर्षं मी त्यांची नक्कल केली आणि नेमकं हेच विसरलो.

फळीवर एक चौकोन होता. एका बाजूला ९, दुसऱ्या बाजूला १०. दार काढलेलं. खिडकीच्या जागी प्रश्नचिन्ह. आत दोन खाटा. एकीवर माझं नाव लिहिलं होतं, "बाळू". दुसरीवर, "मी. घडीची. दिवसा उभी करावी."

मी तसाच होसकोट्याला गेलो. "रंगप्पा, भुसा कुठंय?" तो म्हणाला, भुसा सकाळीच कोंबड्यांच्या शेडला गेला. मी तिथंही गेलो. हसा, मीही हसतो. बावन्न वर्षांचा माणूस, ऑफिसचा शर्ट, दोन-तीन हजार कोंबड्यांच्या मधे उकिडवा बसून पिवळ्या रंध्याच्या सालीतून काळी रेघ शोधतोय. कोंबड्यांनी वाट करून दिली. रेघ सापडली नाही. दहा फळ्यांवर काय होतं ते मला आता कधीच कळणार नाही.

अक्काला फोन केला. "भिंतीवर चुना कुणी मारला गं?"

"दादांनीच. तू ऑफिसची माणसं घेऊन येणार म्हणालास की. भिंत लिवून घाण झालीया, पोराला लाज वाटंल म्हणाले."

"मी आलोच नव्हतो त्या वेळी."

"नव्हतास," अक्का म्हणाली. "चुना मारताना ती एक फळी तेवढी फडक्यानं पुसून पुसून बघत होते. मी म्हटलं आता काय त्याचं. तर म्हणाले, बोलावलं की करायला घेतो."

मेळाव्यात माझं टेबल नव्हतं. त्या दहा फळ्यांची मी घडीची खाट केली, साडेपाच फुटांची. मला ती आखूड पडते. गेल्या महिन्यात अक्का पहिल्यांदा बंगळूरला आली. या वेळी मी "कधीतरी" म्हटलं नाही, तिकीट काढून पाठवलं. दुपारी ती त्या खाटेवर आडवी झाली, पाय ताणून बघितले आणि म्हणाली, "दादांच्याच मापाची केलीस की रे." मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ झोपल्याचं नाटक केलं. नाटक आमच्या घरात सगळ्यांनाच येतं.

अकरावी फळी खाटेच्या वर लावली आहे. खिळ्यासकट. पॉलिश केलेलं नाही, पेन्सिल पुसली जाईल म्हणून. कुणी विचारलं तुझं घर कुठलं, तर पूर्वी मी खानापूर म्हणायचो, मग व्हाइटफील्ड म्हणायला लागलो. आता वाटतं, घर त्या फळीवर आहे. नऊ बाय दहाचं, दोन खाटांचं, ज्यात आम्ही दोघं एक दिवसही राहिलो नाही.

पेन्सिलवाला किस्सा मी आता कॅबमध्ये सांगत नाही. पण तुम्हाला सांगतो, गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांना. तुमच्या खोलीचं माप कुणी विचारलं तर मागे रांग असली तरी थांबा. सगळं सांगा.

खिडकी पूर्वेला होती, दादा.