रडली नाही म्हणून

मुलगी दहावीत होती आणि दिवाळीपासून तिनं आमच्याशी बोलणं टाकलं होतं. जेवायला ये म्हटलं की यायची, ताट उचलायची, वर निघून जायची. तिचा मोबाइल तेव्हाच काढून घेतला होता. मार्क कमी पडले म्हणून, असं नवऱ्यानं मला सांगितलं होतं. मोबाइल अंगणापलीकडच्या थोरल्या दिरांच्या कपाटात. आमच्या घरात अक्कलसुद्धा त्यांच्याच कपाटात असते, बाकीच्यांनी मागून घ्यायची.

त्यात नारायणगावच्या तिच्या शाळेनं पालकांना बोलावलं. 'वयात येणारी मुले आणि पालक : एक संवाद', असा फलक लावला होता. संवादाला पुण्याकडून एक व्याख्याते आले होते आणि शेवटपर्यंत ते एकटेच बोलले. कोट, कानाला अडकवलेला माइक, डोक्याला इतकं तेल की माशी बसली असती तर घसरली असती. आधी त्यांनी विनोद सांगितले. मग खिडक्यांचे पडदे ओढायला लावले आणि रडकी बासरी सुरू केली.

"डोळे मिटा. समजा, आज घरी गेलात आणि अंगणात तुमच्या बापाचं प्रेत ठेवलंय."

पोरी हुंदके द्यायला लागल्या. पोरं नाक ओढायला लागली. घरी पोराला "काय रे, जेवलास का" एवढंही न विचारणारे बाप खिशात रुमाल शोधत होते. एकमेकांच्या गळ्यात पडून सगळं सभागृह रडत होतं, आणि व्याख्याते घड्याळ बघत होते. ते मी पाहिलं, कारण मी डोळे मिटले नव्हते.

माझी पोरगीसुद्धा उघड्या डोळ्यांनी बसली होती. व्याख्याते नेमके तिच्यापाशी आले.

"बेटा, तुझ्या डोळ्यांत पाणी नाही? बाप गेला तरी?"

ती उभी राहिली. "माझे पप्पा गेले नाहीत, सर. ते मागच्या रांगेत झोपलेत."

सगळ्यांनी माना वळवल्या. नवरा खरोखरच तोंड उघडं टाकून झोपला होता. पोरं रडता रडता हसली. व्याख्यात्यांचा चेहरा आंबला. "ही बघा आजची पिढी!" ते माइकवर म्हणाले. "दगड! काळजाच्या जागी दगड!"

बाहेर आल्यावर नवरा आधी तिच्यावर, मग माझ्यावर घसरला. "चार लोकांत इज्जत घालवली माझी. लई शेफारलीय. दादांना सांगतो आज."

"सांगा," मी म्हणाले. "दुसरं येतं काय तुम्हांला?"

तो मोटारसायकल काढून गेला. मी पोरीला माझ्या स्कूटीवर मागं बसवलं. हमरस्ता सोडून आमच्या गावाच्या वाटेला लागलो, तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस होता आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. गाडीवर आईचं तोंड दिसत नाही, आईला आपलं दिसत नाही. त्यामुळेच असेल, ती बोलली.

"मम्मी, मोबाइल मार्कांमुळे नाही काढून घेतला."

दिवाळीच्या आधी शाळेला जायच्या जीपमध्ये एक मुलगा रोज तिच्या शेजारी घुसून बसायला लागला होता. गर्दीचं निमित्त करून रेलायचा, उतरल्यावर शाळेपर्यंत मागं यायचा. तिनं ते बापाला सांगितलं. बापाला, कारण लहानपणापासून ती त्याचीच. बापानं त्याच दिवशी थोरल्या भावाला सांगितलं. भावानं निकाल दिला: मोबाइल बंद, मैत्रिणींकडे जाणं बंद, आणि चुलतभाऊ तिच्यासोबत जाईल. तो चुलतभाऊ पुढच्या सीटवर बसून गाणी ऐकायचा. मागं जे चालायचं ते चालूच राहिलं.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"पप्पा म्हणाले, मम्मीला सांगू नको, ती उगाच घाबरंल."

मी गाडी बाजूला घेतली. मी घाबरेन! बिबट्या गोठ्यापाशी आला तेव्हा हे दोघे भाऊ आतून कडी लावून बसले होते आणि पत्र्याचा डबा बडवत बाहेर मी गेले होते. मी तिला काही उपदेश केला नाही. "अजून येतो का तो?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत मी जीपमध्ये बसले. पुढच्या थांब्यावर तो चढला. नुकती मिसरूड फुटलेला, केसांना कोंबड्यासारखा तुरा. सवयीनं तिच्याकडे सरकला, तशी मी मध्ये आले.

"ये, बस की," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या मांडीवरच बस. पोरीच्या अंगावर बसतोस रोज, तिची आई काय वाईट आहे? बापाचं नाव सांग तुझ्या."

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि न विचारता गाडी थांबवली. "उतर रे," तो म्हणाला. "परत माझ्या गाडीत दिसू नको." पोरगा उतरला, आणि इतका केविलवाणा दिसला की पोरगीच फस्सकन हसली. पुन्हा तो त्या जीपमध्ये दिसला नाही.

घरी येऊन मी दिरांकडे मोबाइल मागितला. ते म्हणाले, "पोरीच्या जातीला एवढी ढील बरी न्हाई." मी कपाट उघडून घेतला. ते बघत राहिले. आयुष्यभर हुकूम सोडलेल्या माणसाला, हुकूम कुणी ऐकला नाही तर पुढं काय करायचं, हे माहीत नसतं.

त्या व्याख्यानाचा व्हिडिओ नंतर घरच्या ग्रुपवर फिरला. दिरांनी त्याखाली 'संस्कार' असं लिहून हात जोडले. नवऱ्यानं अंगठ्याचं चित्र टाकलं.

पोरगी आता बोलते, पण रोज नाही. कधी टोमॅटो निवडायला माझ्याजवळ बसते आणि वर्गातल्या कुणाचं कुणाशी भांडण झालं ते रंगवून सांगते. मी कुणालाही ते सांगत नाही. परवा नवऱ्यानं मला विचारलं, "काय म्हणत व्हती गं ती?"

"तिला विचारा," मी म्हणाले.

तो जिन्यापर्यंत गेला, थोडा वेळ उभा राहिला, आणि चप्पल घालून भावाकडे निघून गेला.