साडेआठची झोप

आमच्या कार्तिए मिलितेर गावाच्या नाक्यावर बसची वाट पाहताना बाबांनी माझी सुटकेस एकदाही खाली ठेवली नाही. लीला, तू तेव्हा बारा वर्षांची, आईच्या मागे उभी होतीस. बो बासेंच्या मनोरुग्णांच्या इस्पितळातून येऊन मला महिनाच झाला होता. तिथे नेण्याआधी आठ दिवस मी झोपले नव्हते. उसाच्या मळ्यात उभी राहून तोडणीवाल्यांना व्याकरण शिकवत होते, हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. बस आली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “तिकडे तुला कुणी ओळखत नाही. बरं होईल.” बरं कुणाचं, माझं की त्यांचं?

व्हाकोआ शहरात शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली, एका घराच्या अंगणात मागची खोली. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आजार जायचा नाही; गोळ्या आणि झोप चुकवू नका. “दूसमाँ, मिस, सावकाश,” दर वेळी म्हणायचे. म्हणून पाचला उठायचं, चहा-पाव, लिथियमची गोळी, सातची बस, साडेआठला दिवा बंद. हे कागदावर लिहून मी भिंतीला लावलं.

दुःख आलेलं मला ओळखू यायचं. भीती वाटायची ती आनंदाची. एकदा फळ्यावर लिहिताना हात भरभर चालला, मुलं हसली, मलाही फार छान वाटलं, आणि मी खडू खाली ठेवला. ही मीच आहे, की पुन्हा त्या आठ दिवसांसारखं सुरू होतंय? शाळा सुटल्यावर तडक डॉक्टरांकडे गेले. काही नव्हतं. मी नुसतीच खूश होते.

बऱ्याच वर्षांनी, तुझ्या लग्नात रात्रभर हळदीची गाणी चालणार, म्हणून मी येत नाही असं कळवलं. आई बसने आली. भिंतीवरचा कागद मला वाचून दाखवायला लावला. “साडेआठ ना?” ती म्हणाली. “मग साडेआठ.”

हळदीच्या संध्याकाळी तिने धान्याच्या खोलीत माझी गादी घातली आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. आतून मला ऐकू आलं, काकी विचारत होती, “थोरली कुठाय?”

“तिला आजार आहे. झोपू दे तिला,” आई म्हणाली. आवाज खाली न आणता.

परवा तू पॅरिसहून फोनवर विचारलंस, घर आठवतं का. भीती अजून रोज माझ्याबरोबर उठते, लीला. पण घर म्हटलं की मला ते दारच आठवतं, आणि आत पडून ऐकलेला आईचा आवाज.