स्टिकर नसलेल्या वस्तू

मी मूळची कोल्हापूरची. नवऱ्याला पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही इंदूरला आलो आणि सुदामा नगरात भाड्याने राहू लागलो. मलाही इथे काम मिळालं, ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्याचं. कंपन्यांना आपल्या माणसांना काहीबाही शिकवायचं असतं. आग लागली तर काय करायचं, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, असलं. ते धड्यांमध्ये कापायचं, प्रश्न लावायचे आणि एलएमएस नावाच्या सॉफ्टवेअरवर चढवायचं, एवढंच माझं काम. शिकणाऱ्याने लॉगिन करायचं, व्हिडिओ बघायचा, चार पर्यायांतला एक निवडायचा, शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. पडद्यावर वरच्या बाजूला एक हिरवी पट्टी असते, ती भरत जाते. पट्टी भरली की माणूस शिकला, असं आमच्या ऑफिसात सगळेच धरून चालायचे.

आमच्या मागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब आहे. संस्थानच्या काळात त्यांचे पणजोबा कारकुनीला इथे आले, तेव्हापासून ही मंडळी इंदूरचीच. त्या घरातल्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. आता त्यांची पन्नाशी उलटली आहे. त्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात, आणि सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले तेव्हा त्यांच्या वहिनींनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगत होते आणि वहिनी बोलता बोलता हातांनी ते बाईंना सांगत होत्या. बाई एकदम सावरून बसल्या. त्यांचे हात झरझर चालायला लागले.

"अगं थांब ना, हळू," वहिनी त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "ती विचारतेय, हे तुमचं कॉम्प्युटरवालं शिकवणं आहे ना, ते आयांना पण शिकवेल का?"

"कुठल्या आयांना?"

"तिच्या शाळेतल्या पोरांच्या. बघा, पोरं येतात सहा-सहा वर्षांची, आणि त्यांना काहीच येत नाही. काहीच म्हणजे एकदम काहीच. पाणी पाहिजे तर आईला ओढत माठापाशी नेतात. पोट दुखलं की रडतात, आईला वाटतं भूक लागली. घरात कुणाला हात येत नाहीत ना." त्या घरात खुणांच्या भाषेला हात म्हणतात. "ती म्हणते, मी पोरांना शिकवते, पण घरी जाऊन पोर परत एकटंच. आईला शिकवायला पाहिजे. आणि आया तर गावाकडे. त्या रोज कशा येणार?"

"करू की," मी म्हणाले. मला ते सोपं वाटलं.

आम्ही वहिनींच्या गच्चीवर चित्रण सुरू केलं. मागे पांढरी चादर बांधली, समोर बाई. मी आजवर शेकडो व्हिडिओ कापले होते, पण असा कधीच नाही. बाई "चहा गरम आहे" म्हणाल्या की त्यांच्या चेहऱ्यावर वाफ दिसायची. तेच हात ठेवून त्यांनी फक्त भुवया उचलल्या, आणि वाक्याचा प्रश्न झाला: चहा गरम आहे का? मी कॅमेरा थांबवून विचारलं, "भुवया म्हणजे प्रश्नचिन्ह?" वहिनी हसल्या. "मला पण लग्न होऊन आल्यावर एक वर्ष लागलं होतं हे समजायला. ती मला काही विचारायची आणि मला वाटायचं, रागावली की काय!"

कापताना मी पडद्यावर एकेक चौकट पुढे सरकवत बसायचे. हात कुठे संपतो आणि चेहरा कुठे सुरू होतो ते ठरवताच यायचं नाही. माझ्या मागच्याच गल्लीत एक आख्खी भाषा राहत होती आणि तिच्यात आवाजाचं काही कामच नव्हतं. रोज भाजी घेताना मी तिच्यापाशी उभी राहत असणार.

अभ्यासक्रम तयार झाला. देखणा झाला होता. शाळेने गावोगावच्या आयांना लॉगिन पाठवले. पुष्कळ जणी तिथेच अडल्या. पासवर्ड हरवले, ओटीपी ज्या फोनवर जायचा तो फोन नवऱ्याबरोबर कामावर गेलेला असायचा. पण सिमरोलच्या एका आईची हिरवी पट्टी पूर्ण भरली, सगळे प्रश्न बरोबर. तिची मुलगी चार वर्षांची, नाव नोंदवून ठेवलेली, पण अजून शाळेत न आलेली. बाईंना इतका आनंद झाला की त्या म्हणाल्या, आपण तिला भेटायला जाऊ.

सिमरोलजवळ मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेचा परिसर आहे. त्या आईचा नवरा तिथे बागेत काम करतो. रविवारी आम्ही तिघी गेलो. बाईंनी तिला हातांनी विचारलं, मुलगी जेवली का? तिला लगेच कळलं. "हाँ हाँ, खा लिया," ती तोंडाने म्हणाली. बाईंनी तिच्या हातांकडे बोट दाखवलं: असं नाही, हातांनी सांग. तिचे हात मांडीवरून हललेच नाहीत. ती ओशाळून माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, देखके तो सब समझ जाती हूँ। पर मेरा हाथ सही है कि नहीं, ये कौन देखेगा?"

मुलगी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. आई तिच्याशी मधूनच बोलत होती, नेहमीसारखी, तोंडाने.

परतीच्या रस्त्यावर रिक्षात आम्ही तिघी दाटीने बसलो होतो. मग बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला आणि सावकाश, मला कळेल अशा बेताने खुणा केल्या. तोवर मला थोडे हात यायला लागले होते. त्या म्हणत होत्या, तुझ्या यंत्राला डोळे नाहीत. त्यात टोमणा नव्हता. कुठे नट ढिला आहे ते दाखवावं तशा त्या सांगत होत्या.

मी ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं आणि आयांच्या हातात आधीपासून काय आहे ते बघायला लागले. व्हॉट्सअ‍ॅप प्रत्येकीला येत होतं. मग तिथेच वर्ग भरवला. बाई सकाळी एक छोटा व्हिडिओ टाकायच्या, फक्त एका वाक्याचा. आया आपापला व्हिडिओ करून पाठवायच्या. संध्याकाळी नवरा घरी आला की फोन मिळायचा, त्यामुळे त्या वेळी गटात हातच हात दिसायला लागायचे. चुलीपुढचे, ओट्यावरचे, मेंदी लागलेले, पिठाने भरलेले. बाई प्रत्येकीला उलट व्हिडिओ करून दाखवायच्या की अंगठा आत घे, हात छातीशी आण. काही दिवसांनी आयाच एकमेकींना सांगायला लागल्या. सांवेरकडची एक आई देवासकडच्या आईला भुवया उचलायला शिकवत होती, आणि दोघी एकमेकींना कधीच भेटलेल्या नव्हत्या.

मग मला स्टिकर सुचले. इंदुरात पोह्याच्या गाडीवरही पैसे द्यायला तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी कोड चिकटवलेला असतो, तो कसा वापरायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी घरातल्या वस्तूंसाठी तसे कोड तयार केले. माठाच्या कोडवर फोन धरला की एक साधं पान उघडायचं. लॉगिन नाही, काही नाही. पानावर फक्त बाई, पाण्याची खूण करताना. दाराला एक, खाटेला एक, ताटाला एक. छापून घेतले आणि शाळेमार्फत घरोघर पाठवले.

काही आठवड्यांनी सिमरोलच्या त्या आईने गटात निरोप टाकला. मुलगी आता स्वतःच फोन घेऊन फिरते, तुम्ही एकदा या. आम्ही पुन्हा रविवारीच गेलो, म्हणजे नवरा आणि फोन दोन्ही घरी असतील.

मुलीने बाईंना पाहिलं, मग फोनमधल्या बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा खऱ्या बाईंकडे. फोनमधली बाई अंगणात येऊन उभी राहिली आहे हे पटल्यावर ती इतकी खदखदून हसली की आम्हीही हसत सुटलो. मग तिने आम्हाला आपलं घर दाखवायला घेतलं. माठावर फोन धरला, बाई दिसल्या, तिने पाण्याची खूण केली. दार. खाट. ताट. प्रत्येक वेळी खूण करून ती बाईंकडे बघायची आणि बाई मान हलवायच्या.

घरातले स्टिकर संपले. ती अंगणात गेली. तिथे शेळी बांधलेली होती. मुलीने शेळीवर फोन धरला आणि वाट बघत उभी राहिली.

फोनवर नुसती शेळीच दिसत होती. मुलगी जवळ गेली, फोन अगदी शेळीच्या पोटाला टेकवला. काही झालं नाही. तेव्हा तिने मान वर करून आईकडे पाहिलं. तिच्या भुवया उचललेल्या होत्या.

"अगं बाई," वहिनी हळूच म्हणाल्या, "ती नाव विचारतेय."

आईला शेळीची खूण येत नव्हती. बाईंनी तिला दाखवली, तिने मुलीला दाखवली, मुलीने केली. करून झाल्याबरोबर मुलगी पळाली. तिने कडुनिंबाच्या खोडावर फोन धरला. मग बापाच्या चपलेवर. मग भिंतीवर हलणाऱ्या झाडाच्या सावलीवर. मला त्या क्षणी काय होतंय ते नीट कळायलाही वेळ मिळत नव्हता. ज्याच्यावर काहीच चिकटवलेलं नाही, त्यालाही नाव असणार, हे तिला समजलं होतं. ते मी कुठल्याही पानावर टाकलेलं नव्हतं. बाईंनीही कुठल्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं. ते कसं सांगतात हेच कुणाला ठाऊक नसेल.

शेवटी ती आईसमोर येऊन उभी राहिली आणि तिने फोन आईच्या चेहऱ्यावर धरला.

बाईंचा हात नकळत वर उठला होता. त्यांनी तो खाली घेतला, दुसऱ्या हाताने धरून ठेवला. आई खाली बसली. तिने आपलं बोट नाकाच्या कडेला, चमकीपाशी टेकवलं. आई.

मुलीने फोन तिथेच मातीत ठेवला. आपलं बोट नाकाला लावलं. आईकडे पाहिलं. मग ती वळली, बापाकडे गेली, त्याचा पायजमा ओढला, बोट पुन्हा नाकाला लावलं आणि लांबून आईकडे दाखवलं. तिला बापाला बातमी द्यायची होती. ती बघ, ती आई आहे.

बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. "बोल दिया इसने," तो म्हणाला. मग आमच्याकडे बघून पुन्हा, "मॅडम, इसने बोल दिया।"

आई रडत होती, वहिनी रडत होत्या. मी ओट्याच्या कडेला बसले. अंगणात शेळी, चपला, झाड, सावली, सगळं मघाचंच होतं, पण मला ते नव्याने मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं. बाई मात्र रडल्या नाहीत. त्या हसत होत्या. त्यांनी वहिनींना काहीतरी सांगितलं आणि वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "ती म्हणतेय, आता ही पोरगी काही थांबायची नाही. आता तुम्हीच थकाल."

खरंच तसं झालं. गटात रोज सिमरोलहून प्रश्न यायचे. भुंगा, साबण, चंद्र, शेजारची काकू. काकूची काय खूण? बाई सांगायच्या, माणसांच्या खुणा पुस्तकात नसतात, त्या तुम्हीच ठरवायच्या. मग घरोघर माणसांच्या खुणा ठरायला लागल्या. कुणाचा गुबगुबीत गाल, कुणाची लांब वेणी, कुणाची लंगडत चालायची लकब. मी ते सगळे व्हिडिओ इंटरनेटवरच्या एका खुल्या फळ्यावर लावत गेले. कुणीही यावं आणि बघावं. त्याला पहिला धडा नाही, शेवटचा नाही, प्रमाणपत्र नाही. ऑफिसात मी अजूनही हिरव्या पट्ट्याच भरते, आणि आगीच्या सूचनांसाठी त्या चांगल्याही असतात.

हिवाळ्यात इंदूरच्याच लालबागच्या मैदानावर जत्रा लागली, तेव्हा बाईंनी सगळ्यांना बोलावलं. आया पोरांना घेऊन बसने आल्या. एकमेकींना त्या चेहऱ्याआधी हातांवरून ओळखत होत्या. लाउडस्पीकरवर गाणी कर्कश वाजत होती, आम्हाला ओरडून बोलावं लागत होतं. पण ती मंडळी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात गप्पा मारत होती. भेळेच्या गाडीपाशी एक आई आणि पाळण्याच्या रांगेत दुसरी. मधल्या गर्दीच्या डोक्यावरून त्यांनी जेवायची वेळ ठरवून टाकली.

सिमरोलची मुलगी आणि देवासकडची एक मुलगी आकाशपाळण्यातून उतरून आल्या आणि एकमेकींना एक खूण करून हसत सुटल्या. पोटावर मूठ, मग मूठ एकदम उघडून वर. पुन्हा पुन्हा. ती मला फळ्यावर कधी दिसली नव्हती.

मी बाईंना विचारलं, हे काय?

बाईंनी त्या दोघींकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग खांदे उडवले. "तिला पण नाही येत ही," वहिनी म्हणाल्या. "आम्ही नाही शिकवली. यांची स्वतःची आहे."

बाई मुलींपाशी जाऊन बसल्या आणि भुवया उचलल्या. दोघींनी मिळून समजावलं. आधी पाळण्याकडे बोट, मग वर, मग खाली, मग पोट. पाळणा वरून खाली येताना पोटात जे होतं, ते. मराठीत आपण पोटात गोळा आला म्हणतो, पण त्याला असा एकच नेमका शब्द मला आठवेना. हिंदीतही नाही.

बाई उठल्या, पदर खोचला आणि आम्हाला खूण केली की चला. मुली पुढे पळाल्या. आम्ही तिघी पाळण्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो.