कोरडे मोजे

लाखनीच्या कॉलेजात मी बारावीला इंग्रजी शिकवते. यंदा पहिल्या महायुद्धातल्या एका शिपायाची कविता वाट्याला आली. गाइडात उत्तर तयारच आहे: ‘कवी युद्धाची भीषणता प्रभावीपणे मांडतो.’ चार मार्क घ्या आणि घरी जा. मला त्या वाक्याची चीड येते, कारण कवितेत तोफ नाही, शौर्य तर औषधालाही नाही. पाण्याने भरलेला खंदक आणि त्यात उभं राहून कुजलेले पाय, एवढंच. मोजा ओढला की कातडी सोबत येते. शेवटच्या कडव्यात घरून कोरडे मोजे येतात, तेव्हा ते घालायला तो उरलेला नसतो.

एके दिवशी मी घरी त्या कवितेचं मराठी करत होते आणि दर दोन ओळींनी फोन बघत होते. धाकटा भाऊ फौजेत आहे. आठ दिवस त्याचा फोन नव्हता. “आईले सांगजो ताई, मी सामानाच्या स्टोअरमधी हावो,” असं त्याने मला बजावलं होतं; होता मात्र सीमेवरच्या चौकीवर. ते खोटं मी वर्षभर सांभाळत होते. आता जीव थाऱ्यावर नव्हता. उगाच उठायचं, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं.

संध्याकाळी आई रोवण्यावरून, भाताच्या लावणीवरून आली. दिवसभर धानाच्या बांधीत चिखलात उभं राहून तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. पाय धुऊन ती ओसरीवर त्यांवर औषध म्हणून मेंदी लावत बसली.

“काय वाचून रायली? मले बी सांग.”

मी पाय कुजल्याचं कडवं वाचलं. तिचा हात थांबला.

“आपला बी असाच रायते का तेथं?”

“नाई वो आई, थो स्टोअरमधी हाये.”

“खोटं काहून बोलून रायली? मे महिन्यात सुट्टीवर आलता, तवा मोजेच काढे नाई. मी बळंच काढले. स्टोअरमधी बसून, भर उन्हाळ्यात त्याच्या पायाले चिखल्या! मीच मेंदी लावली.”

म्हणजे तेव्हापासून ती माझं स्टोअरचं खोटं मुकाट ऐकून घेत होती. मला रडू आलं आणि तिचा रागही आला.

“पुढं काय झालं त्या पोराचं?” तिने विचारलं.

शेवटचं कडवं समोरच होतं. मी वही मिटली.

“घरून कोरडे मोजे आले त्याले.”

“बरं झालं,” आई म्हणाली, आणि मेंदीची वाटी माझ्याकडे सरकवून तिने दुसरा पाय पुढे केला.