अबू समराच्या अलीकडचे अनारसे

मी डूख धरणारी बाई आहे. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंना तर असायलाच हवं होतं. तरी यंदा ईदच्या सुट्टीत गाड्या काढून सौदीत, आभाच्या डोंगरावर जायचं ठरलं, तेव्हा त्यांनीच दोह्याहून इथे कतारमध्येच, मेसईदला आमच्याकडे फोन केला. दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता असे दिवस, आणि तिकडे म्हणे धुकं होतं. मी लगेच हो म्हटलं. धुक्याचं मला विशेष काही नव्हतं. इतका प्रवास बरोबर करायचा तर बाई कुठेतरी तावडीत सापडेल, एवढाच माझा विचार होता.

कारण तीन वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यातलं. माझी आई नाशिकहून आमच्याकडे आली होती, जावयाला वाण द्यायला. रीतीप्रमाणे तेहतीस अनारसे डब्यात भरून आणले होते. खसखस इथे अमली पदार्थात धरतात, जेल होते, असं मी तिला फोनवर दहादा बजावलं होतं. तिने मसाल्यातली खसखस खरोखरच वगळली होती. पण अनारशाला लावलेली तिच्या लेखी खसखस नव्हतीच, तो अनारसाच होता.

दोह्यात जाऊबाईंकडे जेवण होतं, इथल्या मराठी मंडळातली बरीच माणसं होती. आईने कौतुकाने डबा उघडला. जाऊबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, सगळ्यांदेखत कचऱ्यात पालथा केला आणि साबण लावून हात धुतले.

"गावाकडच्या माणसांना कितीही सांगा," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय जेलमध्ये बसवायचंय?"

अनारसे फेकायलाच हवे होते, हे मी आजही मान्य करते. पण आत नेऊन, दोन शब्द नीट बोलून फेकता आले असते. आई फक्त "चुकलंच माझं" म्हणाली आणि रिकामा डबा घासायला बसली. परतीचं तिकीट तिने अलीकडचं करून घेतलं. पुढच्या वर्षी ती गेली. त्या दिवसाबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही, म्हणून मला तो दोघींच्या वाटचा लक्षात ठेवावा लागला.

अबू समराची सीमा यायच्या आधी शेवटच्या पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो. मंडळातली आणखी दोन कुटुंबं बरोबर होती. तीही त्या जेवणाला होती. करक चहाचे, म्हणजे इकडच्या दाट दुधाळ चहाचे, कप हातोहात फिरले. जाऊबाई नुकत्याच माहेरून आल्या होत्या. अधिक महिना परत आलेला, त्यामुळे त्यांच्या आईने जावयासाठी वाण दिलं होतं. ते भाऊजींना डोंगरावर पोचल्यावर द्यायचं होतं, पण वरचे चार-पाच जास्तीचे आहेत, चहाबरोबर घ्या, म्हणून त्यांनी चिकटपट्टी लावलेला डबा बॉनेटवर ठेवून पहिल्यांदाच उघडला.

मला लगेच दिसलं. तिळाचा दाणा केवढा आणि हा केवढा, हे कळायला माझ्यासारखीला हात लावावा लागत नाही. पुढे सीमेपलीकडच्या नाक्यावर, सलवाला, सौदी कस्टमवाले गाड्या उघडून बघतात, कधी कुत्री फिरवतात. मी काही बोलले नाही. आधी चहा संपवला. इतका चविष्ट करक मी कतारमध्ये दुसऱ्यांदा प्यायलेली नाही.

मग मी डबा उचलला. "वहिनी, ही खसखस आहे."

"तीळ आहेत ते," त्या म्हणाल्या. "मी आईला तीळच लावायला सांगितलं होतं." आणि वाकून बघताना त्यांचा चेहरा पडला. "आई हल्ली विसरते गं. हाताला सवय ती..."

सगळे डब्याभोवती जमले होते. मला हवे तसेच.

"गावाकडच्या माणसांना कितीही सांगा," मी म्हटलं. "आम्हाला काय जेलमध्ये बसवायचंय?"

माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. त्याला ते वाक्य पाठ होतं. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "दे, मी टाकते तिकडे." मी दिला नाही. स्वतः पंपावरच्या कचऱ्याच्या पिंपात पालथा केला, तळाला थोपटून शेवटचा दाणासुद्धा झाडला आणि नळावर जाऊन हात धुतले. साबण नव्हता, तेवढीच एक उणीव राहिली. भाऊजी "चला, यल्ला, उशीर होतोय" म्हणाले आणि आम्ही निघालो. सलवाला आमच्या गाड्यांत कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

रियाधला मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी आभाला पोचलो. घाट चढताना मी चक्क गात होते. वर रिसॉर्टच्या कठड्यावर माकडं बसली होती, खरंच धुकं होतं, आणि जाऊबाई शाल घेऊन एका बाजूला बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. मला ते म्हातारं तोंड दिसलं.

"जावईबापूंना आवडले का गं अनारसे?"

"हो आई. खूप."

"धाकटी आहे का तिथे? तिला दे."

जाऊबाईंनी फोन माझ्याकडे देताना माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहायला मी तीन वर्षं थांबले होते. एक वाक्य, आणि हिशेब पुरा झाला असता. त्यांच्या आईलाही कळलं असतं, माझ्या आईला कळलं होतं तसं.

"तू खाल्लास का गं बाळ? जाळी पडली होती ना?" म्हातारीने विचारलं. "आता काही लक्षात राहत नाही बघ माझ्या. बिघडले तर नव्हते?"

"नाही, मावशी," मी म्हटलं. "जाळी छान पडली होती. माझी आई करायची तसेच झाले होते."

फोन बंद झाल्यावर जाऊबाईंनी माझा हात धरला. त्या काहीतरी बोलणार होत्या. मी हात सोडवून घेतला.

"आभार मानू नका, वहिनी," मी म्हटलं. "हे असं काहीतरी तुम्ही तेव्हा माझ्या आईला म्हणायचं होतं."