मागच्या चाकांच्या मागं

आमच्या पिकअपच्या हौद्यावर मी एक खोली बसवून घेतली. थळला बोटींचं फायबरचं काम करणाऱ्या एका माणसाने ती बनवली. आत झोपायला दोन फळ्या, एक शेगडी, मागे दार. हवी तेव्हा चढवायची, नको तेव्हा उतरवून अंगणात ठेवायची. पन्नाशीच्या बाईने असलं खूळ करावं का, यावर मुरुडात बरीच चर्चा झाली म्हणे. मला कोणी विचारलं नाही, त्यामुळे उत्तर द्यायची वेळ आली नाही.

पहिल्या फेरीला वडिलांना घेऊन निघाले. चाळीस वर्षं ते तांडेल होते, म्हणजे बोटीवर शेवटचा शब्द त्यांचा. आदल्या वर्षी बोट विकली आणि त्यांना काही विचारायचं घरात कोणाला कारणच उरलं नाही. ते ओट्यावर बसून असत. म्हणून सामान भरायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं, तेव्हा मी बाजूला झाले. पाण्याचे भरलेले चार कॅन, दोन बॅटऱ्या, गॅसची टाकी, हत्यारांची पेटी, सगळं त्यांनी मागच्या दाराला टेकवून लावलं. बोटीचा नांगर तेवढा घ्यायचा राहिला.

"बाबा, जड सामान पुढं, केबिनच्या पाठीला लाव," मी म्हटलं. "मागच्या चाकांच्या मागं नको."

"तुला काय ठावं? मागं वजन पायजे. तोंड उचललं तरच ती पानी कापते."

बोटीचं ते खरंच आहे. पिकअपला पाणी कापायचं नव्हतं. हे मला कळत होतं, गाडी मीच चालवणार होते, आणि तरी मी दार लावून घेतलं. कितीतरी महिन्यांनी ते कामात दिसत होते, त्यांचं चुकतंय म्हणायला जीभ रेटली नाही. तो माझा चांगुलपणा नव्हता, भित्रेपणा होता.

काशीदच्या अलीकडे चढ लागला तसं स्टिअरिंग हलकं होत गेलं. वळणावर मी ते डावीकडे फिरवलं आणि गाडी सरळच निघाली, समोरून येणाऱ्या एसटीकडे. दोघांनीही ब्रेक दाबले. मध्ये हातभर जागा उरली. एसटीच्या ड्रायव्हरने मला जे सुनावलं, त्यातलं बरंचसं मला पटलं.

गाडी कडेला घेतली. बाबा उतरले, पुढचं चाक पाहिलं, मागे जाऊन वजनाने दबलेले स्प्रिंगचे पाटे पाहिले. बराच वेळ त्यांनी गाडीकडे बाजूने पाहिलं.

"तोंड वर आलंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन खाली पानी न्हाय."

त्यांनी मागचं दार उघडलं आणि एकेक जड वस्तू ओढत पुढे नेली, केबिनच्या पाठीला लावली, दोरीने आवळली. मी हात लावायला गेले तर नको म्हणून मान हलवली. अर्धा तास गेला असेल.

मग ते पुढे आले. दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले.

"बाय, मी कुठं बसू?"

केबिनमध्ये माझ्या शेजारी एकच सीट होती आणि मुरुडपासून ते तिच्यावरच बसून आले होते. बोटीवर हे खलाशी विचारत, आणि कोणी कुठे बसायचं ते बाबा सांगत. आमच्यात बाईमाणसाला मासेमारीला नेत नाहीत, म्हणून मला कधी ते विचारायला मिळालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्यांनी ऐकावं एवढंच मला हवं होतं, असं विचारावं असं नव्हतं.

"पुढं बस, बाबा," मी म्हटलं. "माझ्या बाजूला."

सांगितल्याबरोबर ते बसले.